जुन्या इंग्रजी म्हणी: ज्या मातीतल्या, त्या मातीत वाचू या

रानजाई (धागाकर्ती)

आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी म्हणी शाळेत जोड्या लावण्यापुरत्या पाठ केल्या. परीक्षा झाली की म्हण विसरली. ती कुणी, कुठल्या शेतात, कुठल्या महिन्यात आणि कसल्या काळजीपोटी म्हटली असेल, हे ना कुणी सांगितलं, ना आपण विचारलं. मला या म्हणींचा लळा लागला तो इथे, इंग्लंडच्या पश्चिमेला, हेरफर्डशरमध्ये राहायला आल्यावर. वेल्सच्या सीमेला लागून असलेला हा भाग गुरांचा, सफरचंदांचा आणि पेअरच्या म्हाताऱ्या झाडांचा.

इथे नगरपालिकेकडून भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा भाड्याने मिळतो, त्याला अलॉटमेंट म्हणतात. मोजणी अजून 'रॉड'मध्ये चालते. दहा रॉड म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. माझ्या बांधाला लागून एक आजोबा आहेत. घेवडा लावताना ते बोटाने खड्डा करतात, चार बिया टाकतात, तळहाताने माती दाबतात आणि तोंडाने चालूच असतं: 'वन फॉर द रूक, वन फॉर द क्रो, वन टु रॉट अँड वन टु ग्रो.' एक रूकला, एक कावळ्याला, एक कुजायला, एक उगवायला. (रूक हा कावळ्याचाच भाऊबंद, थव्याने शेतात उतरतो.) बी किती टाकायचं, त्यातलं किती जाणार, आणि गेलं तर हळहळत बसायचं नाही, एवढं सगळं त्या एका ओळीत येतं.

शेतातून आणि समुद्रावरून आलेल्या इंग्रजी म्हणी मी जागेवरच्या नोंदी म्हणून वाचते. अमुक मुलखात, अमुक महिन्यात, पिढ्यान् पिढ्या असं होताना दिसलं, म्हणून ती ओळ टिकली. जागा आणि महिना काढून टाकला की उरतो तो नुसता उपदेश, आणि शाळेत आपल्या वाट्याला तेवढाच आला.

हे जाणणारा एक माणूस सतराव्या शतकात होता. १६७० साली इंग्रजी म्हणींचा मोठा संग्रह छापणारा जॉन रे हा एसेक्समधल्या एका लोहाराचा मुलगा आणि त्या काळातला इंग्लंडमधला सर्वांत मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. देशभर हिंडून झाडंझुडपं गोळा करायचा, आणि म्हणी व बोलीभाषेतले शब्दही टिपून घ्यायचा. कुठली म्हण कुठल्या परगण्यातली, अशी वर्गवारी त्याच्या संग्रहात आहे. वनस्पतीचा नमुना कुठे मिळाला ते लिहून ठेवणाऱ्या हातालाच हे सुचतं, असं मला वाटतं.

आता सगळ्यांना ठाऊक असलेली म्हण घ्या: 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स.' ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या. १५४६ साली जॉन हेवूडने छापलेल्या म्हणींत ती आहे, म्हणजे बोलण्यात त्याआधीपासून असणार. इथे हिवाळ्यात गवत जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे गुरं आणि घोडे जगायचे ते उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या गवतावर. जून-जुलैत कुरण कापायचं, कापलेलं गवत पसरायचं, दिवसातून पुन्हा पुन्हा उलटंपालटं करायचं, संध्याकाळी दव पडण्याआधी छोटे ढीग करायचे, सकाळी परत पसरायचे. याला सलग दोन-तीन कोरडे दिवस लागतात, आणि इंग्लंडच्या उन्हाळ्यात ते मागून मिळत नाहीत. मध्येच पाऊस आला तर गवताचं सत्त्व धुऊन जातं. ओलसर गवताची गंजी रचली तर आतल्या जिवाणूंमुळे ती तापत जाते आणि कधी कधी आपोआप पेट घेते. त्या आगीत सगळी बेगमी जायची. त्यामुळे म्हणीतलं ऊन हे आळशी मुलांना उठवण्यासाठी नाही, ते गोठ्यातली जनावरं मार्चपर्यंत जगवण्यासाठी आहे.

तुम्हाला भावलेल्या, पटलेल्या, न पटलेल्या इंग्रजी म्हणी इथे लिहा. फक्त एक विनंती: म्हण कुठली आणि कशावरून आली, एवढं जमेल तितकं सांगा.

पेरते_व्हा

ताई, चार बियांची म्हण वाचून बरं वाटलं. आमच्याकडे तिफणीने पेरतात तेव्हा बी मोजायचा प्रश्न नसतो, पण टोकण करताना एका जागी दोन-तीन दाणे टाकतोच, आणि दोन्ही उगवले तर नंतर विरळणी. कारण तेच: पाखरं, किडे आणि सड. आमच्याकडचं कुणी ते पाखराच्या नावाने वाटून देत नाही एवढाच फरक. रूकच्या वाट्याचा दाणा आधीच काढून ठेवायचा, हे फार आवडलं.

हवामानाच्या म्हणींबद्दल कुणी लिहा. नक्षत्रांवरच्या आपल्या म्हणी ('पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती') वडील अजून वापरतात. इंग्रजांकडे असं काही आहे का?

ढगवेडा

आहे, भरपूर आहे. सगळ्यांत प्रसिद्ध: 'रेड स्काय ॲट नाइट, शेफर्ड्स डिलाइट, रेड स्काय इन द मॉर्निंग, शेफर्ड्स वॉर्निंग.' संध्याकाळी आभाळ लाल तर मेंढपाळ खूश, सकाळी लाल तर सावध. खलाशी मेंढपाळाच्या जागी खलाशी घालतात. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात (१६व्या अध्यायात) हाच आडाखा येतो, म्हणजे इंग्लंडच्या कितीतरी आधीचा.

आणि तो शास्त्राला धरून आहे. ब्रिटनच्या अक्षांशांवर हवामान बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. सूर्य मावळताना आभाळ लाल दिसायला पश्चिमेची हवा बरीच निरभ्र लागते. जास्त दाबाच्या हवेत धूळ खाली अडकून राहते, त्यामुळे निळा प्रकाश विखुरतो आणि लाल आपल्यापर्यंत पोचतो. पश्चिमेची हवा म्हणजे उद्याची हवा. सकाळी पूर्वेला लाली असेल तर चांगली हवा पुढे निघून गेली आणि मागून ढग येत आहेत. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरही पाऊस पश्चिमेकडूनच येतो, म्हणून दोन्हीकडे तीच म्हण जमली.

पण हीच म्हण घेऊन कुणी जुलैत विदर्भात उभं राहिलं तर फसेल. आपल्या पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून पश्चिमेला आणि वायव्येला सरकतात. संध्याकाळच्या लालीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. रानजाई म्हणतात ते इथे अगदी उघड दिसतं: म्हण खरी आहे, पण ती ३० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात खरी आहे.

दुसरी खलाशांची: 'मॅकरेल स्काय अँड मेअर्स टेल्स, मेक टॉल शिप्स कॅरी लो सेल्स.' बांगड्याच्या पाठीसारखे खवलेखवले ढग आणि घोडीच्या शेपटीसारखे तंतू दिसले की उंच जहाजांनी शिडं उतरवावीत. ते तंतू म्हणजे उंचावरचे बर्फकणांचे ढग. उष्ण आघाडी (गार हवेवर चढत येणारी, पाऊस आणणारी उबदार हवा) यायच्या साधारण अर्धा ते एक दिवस आधी दिसतात. शिडं आवरायला तेवढा वेळ पुरतो. उपग्रह नसताना एवढी पूर्वसूचना म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट.

चिकित्सक_७

चर्चा चांगली आहे, पण एक शंका. जी म्हण खरी ठरते ती लोकांच्या लक्षात राहते, खोटी ठरलेली वेळ कुणी मोजत नाही. सेंट स्विदिनच्या दिवसाचं काय? १५ जुलैला पाऊस पडला तर चाळीस दिवस पडणार! हे निरीक्षण म्हणायचं का?

ढगवेडा

शंका रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर.

स्विदिन हा नवव्या शतकातला विंचेस्टरचा बिशप. मला चर्चच्या बाहेर पुरा, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय आणि पावसाचे थेंब पडतील, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. ९७१ साली १५ जुलैला त्याच्या अस्थी आत हलवल्या आणि पाऊस कोसळू लागला, अशी कथा. त्यावरून म्हण: त्या दिवशी पाऊस तर चाळीस दिवस पाऊस, कोरडा तर चाळीस दिवस कोरडे.

शब्दशः हे खरं नाही. ब्रिटिश हवामान खात्याच्या नोंदींत १५ जुलैनंतर सलग चाळीस दिवस पाऊस पडल्याचं एकही वर्ष नाही. पण जुलैच्या मध्याच्या आसपास उंचावरचा जेट प्रवाह (जोरात वाहणाऱ्या वाऱ्याचा पट्टा) बरेचदा एका जागी बसतो आणि ऑगस्टअखेरपर्यंत फारसा हलत नाही. ब्रिटनच्या उत्तरेला राहिला तर उघडीप, दक्षिणेला उतरला तर अटलांटिकवरून एकामागून एक पावसाळी पट्टे. जर्मनीत हाच आडाखा २७ जूनचा आणि सात आठवड्यांचा आहे. फ्रान्समध्ये ८ जूनच्या सेंट मेदारचा, चाळीस दिवसांचा. संत वेगळे, तारखा वेगळ्या. तीन देशांतल्या शेतकऱ्यांनी एकच गोष्ट पाहिली होती की ऐन उन्हाळ्यात हवा एकदा वळणावर बसली की लवकर उठत नाही. ती लक्षात ठेवायला ज्याला जो सण जवळ होता, त्याने तो खुंटीला धरला. चाळीस हा आकडा तर बायबलमधला ठरलेला, नोहाच्या पावसाचा.

त्यामुळे चिकित्सक, तारीख आणि आकडा सोडून द्या, मधलं निरीक्षण ठेवा.

जुना_दप्तरी

तारखांचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, नाहीतर या म्हणी तपासताना गल्लत होते.

ब्रिटनने जुनी ज्युलियन दिनदर्शिका १७५२ पर्यंत धरून ठेवली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. मधले अकरा दिवस गाळले. त्याआधीच्या दोन-अडीच शतकांतल्या म्हणींतल्या तारखा आजच्या तारखांपेक्षा दहा-अकरा दिवस मागे आहेत; त्याहून जुन्या म्हणींत हे अंतर कमी.

याचा उत्तम पुरावा म्हणजे 'बार्नबी ब्राइट, बार्नबी ब्राइट, द लाँगेस्ट डे अँड द शॉर्टेस्ट नाइट.' सेंट बार्नबसचा दिवस ११ जून. आज वाचणारा म्हणेल, चूक आहे, सर्वांत मोठा दिवस २१ जूनचा. पण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या जुन्या मोजणीने ११ जून हाच सर्वांत मोठा दिवस होता. तसंच सेंट लूसीचं, 'लूसी लाइट, द शॉर्टेस्ट डे अँड द लाँगेस्ट नाइट'. तिचा दिवस १३ डिसेंबर, आणि ते गणित चौदाव्या शतकाच्या आसपास तंतोतंत जुळतं. म्हणजे म्हणीतल्या तारखेवरून ती कोणत्या काळात बरोबर होती हेसुद्धा काढता येतं. इतका सुंदर पुरावा कागदपत्रांतही क्वचित मिळतो.

आपल्या इतिहासाला हे थेट भिडतं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्या जुन्या इंग्रजी मोजणीतली आहे. रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन तीच मोजणी वापरत होता. आजच्या दिनदर्शिकेने तो दिवस १६ जून येतो. उलट पोर्तुगालने नवी दिनदर्शिका १५८२ सालीच घेतली होती, त्यामुळे वसई-गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतली तारीख आणि मुंबईच्या इंग्रज वखारीतली तारीख यांत दहा दिवसांचं अंतर पडायचं. एकच पाऊस, एकच समुद्र, दोन तारखा.

आणि पेरते_व्हा, आपली नक्षत्रंही जागची हलतात. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या जागेवरून मोजणारं, त्यामुळे सूर्याचा मृगप्रवेश दर बहात्तर वर्षांनी साधारण एक दिवस पुढे जातो. आज तो ७-८ जूनला होतो. शिवकाळात चार-पाच दिवस आधी व्हायचा. मृगावरच्या म्हणींचं वय काढताना हे धरायला हवं.

पेरते_व्हा

हे पहिल्यांदाच कळलं, दप्तरीकाका. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मृग सरकतो तसा पाऊसही सरकलाय, त्यामुळे म्हण काय एकटी चुकत नाही."

मृणाल_क

धागा आवडला, तरीही एक गोष्ट खटकतेय ती मांडते. लोकांचं शहाणपण म्हणताना आपण फक्त ढग, गवत आणि बिया निवडतोय. याच संग्रहांत 'अ वूमन, अ डॉग अँड अ वॉलनट ट्री, द मोअर यू बीट देम द बेटर दे बी' हीसुद्धा आहे. बाई, कुत्रा आणि अक्रोडाचं झाड, जितकं बडवाल तितकं चांगलं. सोळाव्या शतकापासून लोक हे म्हणत आलेत. मराठीतही अशा म्हणी पोत्याने आहेत आणि त्या आपल्या आज्यांनी ऐकून घेतल्यात. जागेवरची नोंद म्हणून यांच्याकडे कसं बघायचं?

रानजाई

मृणाल, हे लिहिलंस ते बरं केलंस. मी ही म्हण टाळली नव्हती, पण आधी मांडायला हवी तशी तूच मांडलीस.

अक्रोडाचा भाग खरोखरच्या कामातून आलाय. लांब काठ्यांनी फांद्या झोडपून अक्रोड पाडायचे, त्यात शेंड्याच्या डहाळ्या मोडायच्या आणि बाजूला नवे फुटवे येऊन झाड जास्त धरतं, असा समज होता. झाडाबद्दलचं म्हणणं बागेत जाऊन तपासता येतं. बाईबद्दलच्या म्हणण्यात पाहिलेलं काहीच नाही. तो मारणाऱ्याने स्वतःला दिलेला परवाना आहे, आणि झाडाच्या आधाराने तो खपवलाय. यमक जुळलं की खोटंही खऱ्याच्या पंगतीला बसतं, ही म्हणींची खरी भीती.

मी ती संग्रहातून काढणार नाही. त्या घरांत काय चालायचं आणि त्याला कुणी हरकत घेत नव्हतं, याची ती साक्ष आहे. शहाणपण म्हणून मात्र तिला माझ्याकडे जागा नाही.

मृणाल_क

पटलं.

ढगवेडा

झाडांवरून आठवलं. 'ओक बिफोर ॲश, वी आर इन फॉर अ स्प्लॅश; ॲश बिफोर ओक, वी आर इन फॉर अ सोक.' ओकला आधी पालवी फुटली तर शिंतोडे, ॲशला आधी फुटली तर भिजून चिंब. रानजाई, तिकडे अजून म्हणतात का हे? तपासलंय का कुणी?

रानजाई

म्हणतात, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये वादही घालतात! तपासायला इंग्लंडमध्ये एक अद्भुत वही आहे. नॉरफकमधल्या स्ट्रॅटन स्ट्रॉलेस गावच्या रॉबर्ट मार्शमने १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली: कुठल्या झाडाला पालवी कधी, कोकिळ (इथला कुकू) पहिल्यांदा कधी ऐकला, बेडूक कधी बोलले. त्याच्या घराण्याने ती नोंद पिढ्यान् पिढ्या १९५८ पर्यंत चालवली. दोनशेहून जास्त वर्षं!

अशा नोंदींवरून दिसतं ते असं: ओकची पालवी तापमानाला ॲशपेक्षा जास्त दाद देते. वसंत उबदार असेल तर ओक पुढे, गार असेल तर ॲशला संधी. म्हणजे पालवी आधी कुणाला, हा म्हणीतला भाग येऊन गेलेल्या हवेबद्दल बरोबर सांगतो. येणाऱ्या उन्हाळ्यातल्या पावसाबद्दल ती काही सांगू शकत नाही. आणि आता हवा तापत चाललीय, त्यामुळे ओक जवळजवळ दरवर्षीच जिंकतो.

जीव तुटतो तो यापुढच्या गोष्टीने. ॲशला लागलेला बुरशीचा रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली पहिल्यांदा आढळला, आणि आता आमच्या रस्त्याच्या कडेची कित्येक ॲश झाडं शेंड्याकडून वाळत आली आहेत. त्याआधी एल्म गेले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाकडाबरोबर रोगाची जहाल जात आली आणि पुढच्या काही वर्षांत कोट्यवधी एल्म मेले. एल्मवर शेतकऱ्यांचा एक नेमका आडाखा होता: पान उंदराच्या कानाएवढं झालं की बार्ली पेरायला भिऊ नका, बैलाच्या डोळ्याएवढं झालं की आता पळा, उशीर होतोय. कॅलेंडरपेक्षा हे भरवशाचं, कारण पान मातीची आणि हवेची ऊब बघून वाढतं. कुंपणांमध्ये एल्मचे फुटवे अजून येतात. खोड जरा जाड झालं की रोग पसरवणारा भुंगेरा त्याला गाठतो. पान तेवढं बघायला मिळतं, पण ते बघून पेरणारं आता कुणी नाही. मोठे एल्म बघायचे असतील तर ब्राइटनला जा, तिथे रोगट फांद्या लगोलग काढून त्यांनी बरेच राखलेत.

इंग्रजीच्या_बाई

मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे पहिलं वाक्य मलाच उद्देशून आहे असं समजून लिहिते. पुढच्या वर्षी मुलांना गवताच्या गंजीची गोष्ट सांगणार हे नक्की. माझ्याकडूनही दोन जुन्या म्हणी.

'यू कॅन लीड अ हॉर्स टु वॉटर' ही ११७५च्या सुमाराच्या एका प्रवचनात सापडते: घोड्याला स्वतःलाच प्यायचं नसेल तर त्याला पाणी कोण पाजणार? आजही बोलली जाणारी इतकी जुनी इंग्रजी म्हण दुसरी सापडणं कठीण.

त्याहून जुन्या उत्तर इंग्लंडमधल्या डरम शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या म्हणी. अकराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात ४६ म्हणी आहेत, जुन्या इंग्रजीत आणि सोबत लॅटिनमध्ये. त्यातली एक मुलांना फार आवडते: "आता काय ते डुकराच्या मनावर, असं रानडुकराच्या पाठीवर बसलेला कुणबी म्हणाला." हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हसत हसत हे लिहून ठेवलं आहे. आणखी एक साधी: मित्र जवळचा असो वा लांबचा, उपयोगी पडतोच, जवळचा जास्त.

उलट दिशेने झालेलं कामही विसरू नये. आल्फ्रेड मॅनवेरिंग या इंग्रज मिशनऱ्याने मराठी म्हणी गोळा करून, विषयवार लावून, इंग्रजी अर्थासह १८९९ साली ऑक्सफर्डहून छापल्या. शेतीच्या म्हणींना त्यात वेगळा भाग आहे.

मधुरा_महाबळेश्वर

आमच्याकडे मधाच्या पेट्या आहेत म्हणून विचारते. मधमाश्यांवर एक इंग्रजी म्हण ऐकली होती, मे महिन्यातलं पोळं म्हणजे गाडीभर गवत, असं काहीतरी?

रानजाई

हो! 'अ स्वार्म ऑफ बीज इन मे इज वर्थ अ लोड ऑफ हे. अ स्वार्म ऑफ बीज इन जून इज वर्थ अ सिल्व्हर स्पून. अ स्वार्म ऑफ बीज इन जुलै इज नॉट वर्थ अ फ्लाय.' मेमध्ये निघालेला थवा गाडीभर गवताच्या मोलाचा, जूनमधला चांदीच्या चमच्याचा, जुलैमधला माशीच्याही मोलाचा नाही.

हा सगळा हिशोब हिवाळ्याचा आहे. थवा म्हणजे जुन्या राणीबरोबर पोळं सोडून निघालेल्या हजारो माश्या. त्यांना नव्या जागी शून्यापासून मेणाची घरं बांधायची, राणीने अंडी घालायची, नव्या माश्या तयार व्हायला तीन आठवडे, आणि त्यात हिवाळ्यासाठी साधारण १५ ते २० किलो मध साठवायचा. इथे फुलांचा मोठा बहर जुलैअखेरीस ओसरतो. मेमधल्या थव्याला हे जमतं, जूनमधल्याला हवेने साथ दिली तर जमतं, जुलैमधला थवा पाळणाऱ्याने साखरपाणी दिल्याशिवाय तगत नाही. पूर्वी साखर महाग, गरिबाला परवडणारी नव्हती, म्हणून 'माशीच्याही मोलाचा नाही' हे खरंच होतं.

त्या काळी माश्या गवताच्या वेण्यांनी विणलेल्या टोपल्यांत ठेवायच्या. चौकटी नसल्याने मध काढायचा तर शरद ऋतूत गंधकाच्या धुराने टोपलीतल्या माश्या मारायच्या. सगळ्यांत जड टोपली मधासाठी, सगळ्यांत हलकी ती हिवाळा काढणार नाही म्हणून; मधल्या वजनाच्या राखायच्या. त्यामुळे दरवर्षी नवे थवे पकडणं ही गरजच होती, आणि म्हणीत त्यांची किंमत लावली गेली ती यामुळे.

मधुरा, तुमच्याकडच्या सातेरी माश्या कधी थवा सोडतात आणि कुठल्या महिन्यातला थवा तुम्ही ठेवता, ते नक्की लिहा.

मधुरा_महाबळेश्वर

लिहिते, जरा वेळ काढून. सासऱ्यांना विचारून लिहीन, त्यांचे आडाखे पक्के आहेत.

कलमबाग

पेअरची म्हण कुणी घेतली नाही अजून. 'प्लँट पेअर्स फॉर युवर एअर्स.' पेअर लावायचं ते वारसांसाठी. आंब्याची कलमं बांधणारा माणूस म्हणून विचारतो, खरंच इतका वेळ लागतो का?

रानजाई

आता नाही, पूर्वी हो. बियांपासून वाढवलेल्या पेअरच्या खुंटावर बांधलेलं कलम धरायला पंधरा-वीस वर्षं सहज घ्यायचं, आणि मग दोन-तीनशे वर्षं धरत राहायचं. आमच्याच परगण्यात होम लेसी गावात एक झाड होतं. त्याच्या फांद्या जमिनीला टेकून तिथे मुळं धरत गेल्या आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पाऊण एकरावर पसरलं होतं. त्याचा अंश अजून जिवंत आहे. हल्ली खायचे पेअर क्विन्स नावाच्या फळझाडाच्या खुंटावर बांधतात, ती चार-पाच वर्षांत फळ देतात आणि झाडही बुटकं राहतं.

पेरी नावाचं पेय ज्या तुरट पेअरपासून करतात, त्या जुन्या जाती मात्र अजून पेअरच्याच खुंटावर मोठ्या वाढवतात. तिथे म्हण बऱ्यापैकी लागू आहे.

कलमबाग

रायवळ आणि कलमी आंब्यात असतो तसाच फरक. पेरीचं पेअर इतर भागांत का लावत नाहीत?

रानजाई

लावतात, पण इथले लोक म्हणतात की मे हिल जिथून दिसते तिथवरच पेरीचं पेअर चांगलं येतं. मे हिल ही हेरफर्डशर आणि ग्लॉस्टरशरच्या सीमेवरची टेकडी, उंची २९६ मीटर. माथ्यावर १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लावलेल्या पाइनचा झुपका आहे, त्यामुळे लांबूनही ओळखू येते. पेरीसाठी नावाजलेल्या जुन्या बागा खरोखरच या दोन परगण्यांत आणि शेजारच्या वूस्टरशरमध्ये एकवटलेल्या आहेत. इथली जड, ओल धरणारी चिकणमाती पेअरला मानवते, सफरचंदाला तितकी नाही. फळ पडल्यावर काही जातींचा रस दोन-तीन दिवसांत काढावा लागतो, काही जाती आठवडे थांबतात, त्यामुळे ज्याच्या बागेत चार जाती असतात त्याचं सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत काम चालतं.